दातात धरलेला दोरा

आमच्या घरात कैची फक्त माझ्या गळ्यात असे. सुतळीत ओवलेली, एका पात्याचं टोक मोडलेली, छोटी कैची. बाकी कुणाला तिची गरजच नव्हती. माय, काकू, चुलतबहीण सुनंदा, या तिघी गजरा बांधून झाला की दोरा समोरच्या दातांत घेत, मान किंचित झटकत आणि तोडत. टक्. दुपार कलल्यावर टिनाच्या शेडखाली हा आवाज सुरू व्हायचा तो दिवेलागणीपर्यंत चालायचा. मधेच विहिरीवरची मोटार धडधडून सुरू होई, चांदूर बाजारकडे जाणाऱ्या गाड्या हॉर्न मारत जात, बाबा कुणाशी तरी फुलांच्या भावावरून तावातावानं बोलत असत, पण या सगळ्यात ते टक् मला वेगळं ऐकू यायचं. डोळे मिटून मी सांगू शकत असे कोणी तोडला ते. मायचं टक् बारीक आणि एकटं. काकूचं जरा दमानं, कारण तिचा एक दात हलत होता. सुनंदा दोनदा चावायची. माझी कैची कच् करायची, आणि तो आवाज मला अजिबात आवडत नसे.

आम्ही फुलांचे लोक. अमरावतीच्या बाहेर, गाव संपून वावरं सुरू होतात तिथे आमची शेवंती, झेंडू, गुलछडी आणि मोगऱ्याचे ताटवे होते. पहाटे तोडायचं, सकाळी बाबांनी बाजारात न्यायचं, आणि जे घरी ठेवलं त्याचे हार-गजरे दुपारी बांधायचे. त्यातही घरचा जुना कायदा होता, आणि माय तो कडक पाळायची. देवाच्या हाराला सुई, माणसाच्या गजऱ्याला दात. म्हणजे असं, की देवाचा हार सुईदोऱ्यानं ओवायचा, त्याला तोंड लागू द्यायचं नाही. गजरा मात्र गाठी मारून बांधावा लागतो, त्याच्या दोऱ्याचं एक टोक कुठेतरी घट्ट धरावंच लागतं. बाजारातले बांधणारे ते पायाच्या अंगठ्याला अडकवत. मायला ते पाहवत नसे. "बाईच्या डोक्यात जाणारी वस्तू पायाले बांधतेत, लाज नाई वाटत," ती म्हणायची. म्हणून आमच्याकडे टोक दातात धरायचं, आणि शेवटी तोंडातला तेवढा तुकडा तोडून फेकायचा. घरातल्या प्रत्येक बाईच्या समोरच्या दाताला त्यामुळे एक बारीकशी खाच पडलेली होती. लग्न होऊन आलेल्या काकूलाही ती वर्षभरात पडली. मला नव्हती.

मला पडणारच नव्हती, कारण माझे समोरचे दात एकमेकांना भेटतच नव्हते. दाढा मिटल्या तरी समोर फट राहायची, आणि त्या फटीतून जीभ डोकवायची. लहानपणी मी अंगठा चोखायची, तो शाळेत गेल्यावर सुटला, पण फट तशीच राहिली. शाळेत मला 'खिडकी' म्हणत. त्यातून नाव कुंदा. आमच्या मराठीच्या बाईंनी एकदा वर्गात सांगितलं की जुने कवी सुंदर दातांना कुंदाच्या कळ्या म्हणत, तेव्हा सगळा वर्ग मागे वळून माझ्याकडे पाहायला लागला. भाकरीचा तुकडा मला समोरून तोडता येत नसे, कैरी तर नाहीच. हसायचं झालं की हात आपोआप तोंडावर जायचा. आणि गजऱ्याचा दोरा मी दातात न धरता जिभेनं धरायची. जीभ पुढे काढून दोरा वरच्या दातांशी दाबायचा, की तो बसतो घट्ट. मी माझ्यापुरती काढलेली ती युक्ती होती आणि मायला तिचं कौतुक होतं. "काहीतरी करून जमवते पोट्टी," ती काकूला सांगायची.

हे असंच चालू राहिलं असतं. पण एका पोळ्याला आत्या आली.

आत्या बाबांची थोरली बहीण. अकोल्याला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. नवरा लवकर गेला होता, मूलबाळ नव्हतं, आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. पुरणपोळीचा घास मी कडेच्या दातांनी तोडताना तिनं पाहिलं.

"काहून वं, उंदरावानी कडेनं कुरतडून राहिली?"

"तिचे दात तसेच आहेत बाई," माय म्हणाली.

"तसेच आहेत म्हंजे? डोळ्याले कमी दिसलं तं डोळे तसेच आहेत म्हणून सोडून देतं का तू?"

बाबा म्हणाले, "पाहू न ताई, लग्नाच्या वक्ताले."

"लग्नाच्या वक्तापर्यंत हाड पक्कं होते, बाळू. मंग तूच बस ठोकत. आमच्या शाळेजवळ नवी डॉक्टरीण आली, दाताले तारा लावते. मी घेऊन जातो हिले."

आत्या स्वतःबद्दल 'जातो, येतो'च म्हणायची. आणि तिनं ठरवलं की ठरलं. बाबा घरात सगळ्यांवर ओरडत, तिच्यासमोर त्यांचा आवाज कमी होई.

अकोल्याच्या त्या डॉक्टर मूळच्या पुण्याच्या, लग्न होऊन इकडे आलेल्या. त्यांचं नाव वेगळं होतं, पण दवाखान्याच्या गल्लीत त्यांना सगळे 'तारवाल्या मॅडम' म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या तोंडात गुलाबी लगद्यानं भरलेला चमचा कोंबला, मला उमासे आले, आणि थोड्या वेळानं टेबलावर माझे दात पांढऱ्या प्लॅस्टरमधे उभे होते. मी ती फट पहिल्यांदाच अशी बाहेरून पाहिली. त्यातून माझी करंगळी आरपार गेली असती.

"हिला काही सवय आहे का?" मॅडमनी बाबांना विचारलं. "अंगठा चोखणं, नखं खाणं, पेन्सिल चावणं?"

"अंगठा होता मॅडम, लहानपणी. आता सवय म्हणाल तं एकबी नाई," बाबा छाती काढून म्हणाले. "शाळा करते अन् घरचं काम करते. आमच्या पोरीले काईच सवय नाई."

ते खोटं बोलले नाहीत. मीही तिथेच बसले होते, आत्याही होती, कुणालाच काही आठवलं नाही. तुम्ही निंदण करणाऱ्या बाईला विचारा, तुला वाकायची सवय आहे का. ती नाहीच म्हणेल.

मग मॅडमनी ते प्लॅस्टरचे दात हातात घेऊन समजावलं. दात म्हणजे जमिनीत पुरलेला खांब नव्हे. त्याला हळूहळू दाबत राहिलं की एका बाजूचं हाड विरत जातं, दुसऱ्या बाजूला नवं भरत येतं, आणि दात सरकतो. म्हणून यात घाई चालत नाही, जोर चालत नाही. बाबांना हे फार पटलं. रोप उपटून लावायचं नाही, मातीसकट सरकवायचं, असं काहीतरी ते पुटपुटले. "पण दात हलवणं त्यातल्या त्यात सोपं आहे," मॅडम पुढे म्हणाल्या. "अवघड आहे जीभ. हिची जीभ दिवसभर पुढे येते. गिळताना येते, बोलताना येते. तारेपेक्षा तिचा दाब कमी, पण ती थकत नाही. आणि ही सवय जिभेत नसते, मेंदूत असते. तिथे मला तार लावता येत नाही." म्हणून त्या वरच्या दातांच्या मागे तारेची एक छोटी जाळी बसवणार होत्या. जीभ पुढे आली की तिथे अडायची.

"म्हंजे वावराले कुंपण, तसं जिभीले कुंपण," बाबा म्हणाले.

मॅडमना वावर कळलं नाही. आत्यानं 'शेत' असं सांगितल्यावर त्या हसल्या आणि तेव्हापासून त्याही कुंपणच म्हणू लागल्या. निघताना मात्र त्यांनी एक गोष्ट हसत न सांगता सांगितली. जीभ मागे राहिली नाही तर तारा काढून टाकाव्या लागतील. उगाच दात ओढून ठेवण्यात अर्थ नाही, ते परत उघडतात. मग मोठी झाल्यावर जबडा कापून जुळवायचं ऑपरेशन, तेही मोठ्या शहरात. परतीच्या आगगाडीत बाबा मूर्तिजापूरपर्यंत बोटांवर ऑपरेशनच्या खर्चाचा हिशेब करत आले. तिथे गाडी थांबली, चहावाला खिडकीशी आला, तेव्हा त्यांनी मला विचारलं, "दुखते का वं?" मी नाही म्हटलं. लगद्याच्या चमच्याची कड लागून हिरडी दुखत होती. ऑपरेशनच्या भीतीनं मी त्याच दिवशी ठरवलं की मॅडम सांगतील ते सगळं करायचं.

पुढच्या खेपेला तारा आणि जाळी बसली, आणि मी सगळं करत होते, हे सांगितलं पाहिजे. खालचे-वरचे सुळे जोडणारे बारीक रबर मी न चुकता लावायची. जिभेचं टोक टाळूच्या पुढच्या उंचवट्यावर टेकवून, दाढा मिटून, पाण्याचा घोट गिळायचा, असा एक व्यायाम होता, तोही करायची. गोड बंद, ऊस बंद, चणेफुटाणे बंद. ठेच्याबरोबर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट, ती माय मला वरणात चुरून द्यायची, आणि बाजूला सुनंदा कडकडीत पापुद्रा मोडून खायची. तरीही प्रत्येक महिन्याला मॅडम तोंडात आरसा घालत आणि त्यांच्या कपाळाला आठी पडे. कुंपण वाकलेलं असायचं. त्या ते पक्कडीनं सरळ करत, पुढच्या महिन्यात पुन्हा वाकलेलं.

"काय खातेस तू?"

"वरणभाकर."

"खरं सांग. ऊस? बोरं? सुपारी?"

बाबांना राग येई. "मॅडम, पोरगी आजारी माणसाचं जेवण जेऊन राहिली, अन् तुमी सुपारी म्हणता."

फट थोडी कमी व्हायची आणि पुन्हा वाढायची. आता हे लिहिताना मला हसू येतं, कारण घरी त्या कुंपणाचं काय चाललं होतं ते मला स्वच्छ दिसतं. ते लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मला शोध लागला होता की गजऱ्याचा दोरा जिभेनं धरायला आता फारच सोपं झालंय. दोरा तारेवरून घ्यायचा, जिभेनं दाबायचा, की सुटायचं नाव नाही. "आता बरं अडकते," मी मायला सांगितलं होतं. मायला आनंद झाला. डॉक्टरनं दातासाठी केलं ते कामालाही आलं, एवढी मोठी गोष्ट. लग्नसराईत मी सुनंदाच्या बरोबरीनं गजरे बांधत होते आणि दर गाठीला दोरा ओढत होते. मॅडम विचारत होत्या मी काय खाते. दोरा कोणी खातं का?

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मॅडमनी निकाल दिला. "सुट्टीनंतर बघते. तेव्हाही असंच असेल तर काढू आपण सगळं."

आत्यानं तिथल्या तिथे सांगून टाकलं, "मंग सुट्टीभर ही माह्याकडे राहीन. मी पायतो कुंपण कोण मोडते ते."

अकोल्याचा उन्हाळा ज्यांनी काढला नाही त्यांना सांगून कळणार नाही. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसे. आत्याच्या दोन खोल्यांत कुलर घरघरायचा, त्याच्या वाळ्याचा ओला वास सगळीकडे भरलेला असायचा, आणि ती मला तुरीच्या डाळीच्या वाफवलेल्या फुनक्यांची कढी, मऊ खिचडी, कैरीचं पन्हं असं खाऊ घालायची. पण सकाळ वेगळी होती. ऊन चढायच्या आत आत्या मागच्या ओट्यावर चटई टाकून, डोळे मिटून बसायची. आम्ही पोरं लहानपणी म्हणायचो, आत्या बसून झोपते. आता मलाही बसावं लागलं.

"याच्यानं का होते?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

आत्या उठली, स्वयंपाकघरातून फुलकोबीचा गड्डा आणला आणि विळीवर दोन फाका केल्या. शिक्षिकाच ती. "हा समज तुहा मेंदू. आता सांग, पयल्यांदा गजरा बांधला तवा किती कुथली तू? अन् आज? बोलत बोलत बांधतं. बोटं तेच हायेत. इथं पायवाट पडली." तिनं कोबीच्या देठांवरून बोटाचं टोक फिरवलं. "जिथून रोज जाशीन तिथं पायवाट पडते, मंग पाय आपोआप तिकडेच वळते."

"अन् ध्यानानं?"

"ध्यानानं तू पायवाटेच्या कडेले बसतं. कोण कोण जाते ते पायतं. बस, इतकंच."

त्या कोबीची दुपारी भाजी झाली.

ती जे करायची ते साधं होतं. नाकातून श्वास आत येतो, बाहेर जातो, वरच्या ओठावर तो लागतो, तिथे लक्ष ठेवायचं. लक्ष पळालं की रागवायचं नाही, परत आणायचं. मला सुरुवातीला डास चावायचे, पायाला मुंग्या यायच्या, शेजारच्या घरातल्या फोडणीचा वास यायचा आणि ती कोणत्या भाजीची आहे ते मी ओळखत बसायची. आत्या मात्र ध्यानातून उठून लगेच दूधवाल्याला पाण्यावरून झापायची.

"इतकं बसून तुहा राग काहून नाई गेला?" मी विचारलं.

"राग नाई जात वं. येतानी दिसते. कधी दार लावता येते, कधी नाई. त्या दूधवाल्याच्या टायमाले नाईच लागत."

एके सकाळी मी अशीच बसले होते. आत्यानं ओट्याखाली कुंडीत मोगरा लावला होता, आमच्याच वावरातला. रात्री त्याला पाणी घातलेलं, कळ्या उमलल्या होत्या, आणि वाऱ्याची एक झुळूक तो वास घेऊन आली. मी श्वासाकडे पाहत होते म्हणून मला पुढचं दिसलं. गुडघ्यावर ठेवलेल्या माझ्या हाताची बोटं हलली. अंगठा तर्जनीवर घासला, गाठ मारताना घासतो तसा. आणि त्याच क्षणी जीभ उठून पुढे गेली आणि कुंपणाला जाऊन टेकली. मी तिला पाठवलं नव्हतं. मी तिला मागे आणलं, टाळूला टेकवलं, श्वासाकडे गेले. पुन्हा वास आला, पुन्हा बोटं, पुन्हा जीभ. मग मी मुद्दाम शाळेचा विचार करून पाहिला. जीभ जागच्या जागी. शेडखालची टोपली डोळ्यांसमोर आणली, आणि ती निघाली पुढे. दोरा शोधत होती ती. तोंडात दोरा नव्हता, हातात फूल नव्हतं, अमरावती इतक्या लांब राहिली होती, आणि माझी जीभ कामाला लागली होती. मग मला तारेवरून घेतलेला दोरा आठवला, दर गाठीचा तो हिसका आठवला, आणि कुंपण कोण मोडतं ते कळलं.

आत्याचा नियम होता, तिनं डोळे उघडेपर्यंत बोलायचं नाही. त्या दिवशीइतकं बसणं मला आधी कधी जड गेलं नव्हतं आणि नंतरही नाही. तिनं डोळे उघडले तेव्हा मी रडत होते की हसत होते, मला सांगता येणार नाही. सगळं ऐकल्यावर तिनं माझी हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं आणि आत पाहिलं. मग तिनं स्वतःच्या समोरच्या दातावरून जिभेचं टोक फिरवलं. तिच्याही दाताला खाच होती, आमच्याच शेडखालची.

"अन् मी तं त्याच घरात वाढलो," ती म्हणाली. "विज्ञान शिकवतो म्हणे मी!"

सुट्टीच्या शेवटी बाबा आले आणि आम्ही तिघं मॅडमकडे गेलो. त्यांनी आरसा घातला आणि थांबल्या. "या वेळी वाकलेलं नाही." बाबा म्हणाले, अकोल्याची हवा मानवली. मी मॅडमना म्हटलं, मला दोरा द्या. त्यांच्याकडे दातांच्या फटी साफ करायचा दोरा असतो, त्याचा हातभर तुकडा त्यांनी दिला. मी एक टोक तोंडात घेतलं, तारेवरून अडकवलं, जिभेनं दाबलं आणि नसलेल्या कळ्यांचा गजरा बांधायला लागले. मॅडम वाकून आत पाहत होत्या. मग त्या त्यांच्या गोल स्टुलावर बसल्या.

"अहो, मी पहिल्याच दिवशी सवय विचारली होती तुम्हाला!"

"ही सवय कुठं आहे मॅडम," बाबा अगदी मनापासून म्हणाले, "हे तं काम आहे."

मॅडमनी तारा काढल्या नाहीत. दिवाळीपर्यंत मुदत दिली. दोरा तोंडात धरायचा नाही, एका गाठीपुरताही नाही. आणि जीभ पुढे आली की लक्षात घ्यायचं आणि मागे न्यायची. "हे माझ्या हातात नाही, तुझ्या हातात आहे," त्या म्हणाल्या, आणि आत्यानं विजयी चेहऱ्यानं माझ्याकडे पाहिलं.

मला घरी जायची भीती वाटत होती. मायला काय सांगायचं? ते बाबांनी सांगितलं, नेहमीप्रमाणे लांबण लावून, हातवारे करून. शेडखाली सगळ्या बसल्या होत्या. माय ऐकत होती, तिच्या तोंडात दोरा होता. बाबांचं संपल्यावर तिनं तो काढला.

"म्याच देल्ला होता हिच्या तोंडात," ती म्हणाली. "इवलीशी होती. म्या म्हणलं, धर माय, घट्ट धर."

तेव्हा मला तिच्याबद्दल इतकं वाईट वाटलं की मॅडमचाच राग आला. काकू म्हणाली, "मंग पायाले बांधन ते. बाजारातले बांधतेतच." "पायाले नाई," माय म्हणाली. ते म्हणताना तिचा आवाज चढलासुद्धा नाही. मग ती शेडचा खांब पाहत राहिली आणि बाबांना म्हणाली, "खिळा ठोका. हिच्या बसल्या उंचीवर." बाबांनी ठोकला. "अजून एक ठोका." बाबांनी विचारलं, दुसरा कोणाला? मायनं आपला दोरा नव्या खिळ्याला अडकवला. "पोट्टी एकटीच खिळ्याले बसन, तं तिले वाटन आपल्याले शिक्षा देल्ली."

संध्याकाळपर्यंत खांबाला चार खिळे झाले. खिळ्यावर गजरा बांधणं दातात धरून बांधण्यापेक्षा सावकाशीचं काम. मान वळवली की दोरा ढिला पडतो, उठलं की सुटतो. बाबांवर बाजारात बोलणी खाण्याची पाळी आली, गजरे उशिरा पोचत. काकू पुटपुटायची. मायच्या हातून एकेक गजरा सुटून मातीत पडायचा आणि ती हसायची. जन्मभर दातात धरलेला दोरा तिनं माझ्यासाठी सोडला, पुन्हा कधी धरला नाही. तोडायच्या मात्र त्या तिघी दातांनीच. टक्, टक्, आणि माझं कच्.

जीभ लवकर ऐकत नव्हती. खिळ्याला दोरा बांधलेला आणि ती आपली पुढे. दिवसातून किती वेळा तिला मागे आणलं असेल, कोण मोजतं. पण मला ती आता येताना दिसायची. सकाळी मोटार सुरू व्हायच्या आधी मी विहिरीच्या कट्ट्यावर थोडा वेळ बसायची, आणि बाबा मजुरांना सांगायचे, तिकडे जोरानं बोलू नका, आमची पोरगी जीभ राखून राहिली.

आज पन्नाशी ओलांडल्यावर मी हे लिहिते आहे. माझ्या भाचीच्या, सुनंदाच्या मुलीच्या, दातांना तारा नाहीत, पारदर्शक खोळी आहेत, ती जेवताना काढून डबीत ठेवते आणि हॉटेलात विसरून येते. तिच्या फोनमधे ध्यानाची घंटाही वाजते. ती सांगते, मावशी, आता मेंदूचे फोटो काढतात, रोज ध्यानाला बसणाऱ्यांच्या मेंदूत फरक पडलेला दिसतो म्हणतात. किती पडतो, कुणाला पडतो, यावर जाणकारांचे वाद आहेत हेही तीच सांगते. मला त्यातलं काही कळत नाही. मला कोबीचा गड्डा कळतो. आजही हात कामात गुंतले, मोगऱ्याचा वास आला, की जीभ हळूच पुढे निघते. मी म्हणते, ये बाई, बस मागे. ती बसते.

त्या दिवाळीच्या आधी मॅडमनी माझ्या समोरच्या दातांमधे कागदाची एक पातळ पट्टी धरली आणि म्हणाल्या, चाव. मी चावले. त्यांनी पट्टी ओढली. ती आली नाही. त्यांनी जरा जोरानं ओढली, तशी फाटली, अर्धी त्यांच्या हातात, अर्धी माझ्या दातांत. बाबांनी ते पुन्हा करून दाखवायला लावलं. मग आत्याला दाखवायला सांगितलं. मग बाहेर बसलेल्या एका अनोळखी पेशंटला बोलावून दाखवलं. मॅडम म्हणाल्या, तारा अजून काही महिने राहतील, पण ऑपरेशन विसरा. बाबा मूर्तिजापूरला उतरले आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात दोन चहा सांगितले.

घरी पोचलो तेव्हा दिवाळीचं काम जोरात होतं. शेडखाली झेंडूचा ढीग, शेवंतीच्या टोपल्या. काकू आणि सुनंदा पाठ करून हार ओवत होत्या. माय खिळ्यासमोर बसून गजऱ्याची शेवटची गाठ मारत होती. बाबांनी तोंड उघडलं, "मॅडमनं कागद घेतला अन्..." पण मायनं त्यांच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मी जवळ गेले आणि सवयीनं गळ्यातल्या कैचीला हात घातला. तिनं माझा हात धरला. कैची सुतळीसकट माझ्या गळ्यातून काढली आणि खिळ्याला अडकवली. मग गजऱ्याचा दोरा दोन बोटांत ताणून माझ्या तोंडासमोर धरला.

"तोड," ती म्हणाली.

"मॅडमनं दोरा तोंडात नको म्हणलं..."

"धराले नको म्हणलं. एक डाव तोड माय."

मी दोरा समोरच्या दातांत घेतला. वरचे दात खाली आले, खालच्यांना भेटले, मधे दोरा होता, तो मला दोन्हीकडून लागला. मी मान झटकली.

टक्.

हार ओवणाऱ्या काकूचे हात थांबले. या शेडखालचे सगळे आवाज तिला पाठ होते, हा नव्हता. मागे न वळता तिनं विचारलं, "हे कोनं तोडलं वं?"

"कुंदानं," माय म्हणाली.